पाथफाइंडिंग गटानं शिकताना: आधी चिठ्ठ्या, मग लॅपटॉप

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचे आठ जण दर रविवारी सकाळी अभ्यासिकेत जमतात आणि पाथफाइंडिंगचे, म्हणजे नकाशावर सगळ्यांत चांगली वाट शोधण्याचे, अल्गोरिदम शिकतात. बीएफएस (कमीत कमी टप्प्यांची वाट शोधणारं) झालं, डायक्स्ट्रा (कमीत कमी वेळेची वाट शोधणारा) झाला, आता ए-स्टारवर (पुढच्या अंतराचा अंदाजही धरणाऱ्या) गाडं अडलंय. भेटीत दोघं फळ्यावर समजावतात, बाकीचे माना डोलावतात आणि घरी कोड लिहायला बसलं की हात चालत नाही. हजेरीही घटत चाललीय. दोघांना प्लेसमेंटच्या मुलाखती द्यायच्या आहेत, एकीला गेम बनवायचा आहे, उरलेल्यांना विषय आवडतो म्हणून ते येतात. विचारलंय असं: आमचा क्रम चुकला का, यापेक्षा चांगले व्हिडिओ आहेत का, की गट मोडून ज्यानं त्यानं आपापलं शिकावं?

क्रम चुकलेला नाही. व्हिडिओ बदलूनही फार फरक पडणार नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे: आठ जण एकत्र बसतात, पण विचार दोघेच करतात. फळ्यावर कुणी डायक्स्ट्रा चालवून दाखवला की तो सगळ्यांना पटतो, कारण प्रत्येक पायरी बघताना बरोबरच वाटते. ‘आता पुढचं कुठलं गाव?’ हा निर्णय मात्र बघणाऱ्यानं एकदाही घेतलेला नसतो. घरी कोरी फाइल उघडली की तोच निर्णय घ्यावा लागतो आणि घोडं तिथेच पेंड खातं.

मी बरीच वर्षं मालवाहतुकीच्या गाड्यांचे मार्ग ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतोय आणि कामावर नव्यानं येणाऱ्यांना हे विषय गटानंच शिकवतो. त्यातून माझं मत असं झालंय की गट मोडू नये, पण जे काम एकट्याला घरी करता येतं त्यात गटाची वेळ घालवू नये. व्हिडिओ बघणं, व्याख्या वाचणं, कोड टाइप करणं हे ज्याचं त्यानं करावं. एकट्याला न जमणारी गोष्ट एकच: एकाच क्षणी आठ वेगवेगळे अंदाज समोर येणं आणि त्यातला कुठला का चुकला याचा छडा लावणं. रविवारची सकाळ तेवढ्यासाठी राखून ठेवा.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतील. सगळ्यांना ग्राफ (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं) म्हणजे काय हे माहीत आहे असं धरून मी लिहितोय. नसेल तर पहिली भेट त्यातच जाईल. काही जण फोनवरून सामील होत असतील तर खाली वहीत लिहायला सांगितलेले अंदाज त्यांनी मेसेजमध्ये लिहून ठेवावेत आणि एकाच वेळी पाठवावेत. आठाऐवजी पंधरा जण असतील तर दोन गट करा, कारण इथे प्रत्येकाच्या हाताला काम हवं.

आता पद्धत. लॅपटॉप बंद ठेवायचे. सात जण सात गावं होतात, आठवा चिठ्ठ्यांचा गठ्ठा सांभाळतो. मी नेहमी वापरतो तो नकाशा देतो. आकडे मिनिटांचे आहेत आणि सरावासाठी मुद्दाम बेतलेले आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवासाच्या वेळेशी ताडून बघू नका. पुणे–सातारा १२०, पुणे–फलटण १३०, पुणे–जुन्नर १४०, सातारा–कराड ६०, फलटण–विटा ११०, कराड–विटा ५०, कराड–सांगली १२०, विटा–सांगली ६०. पुण्याहून सांगलीला जायचंय.

प्रत्येक गावाच्या हातात एक कार्ड. त्यावर दोनच गोष्टी: पुण्याहून इथवर आत्तापर्यंत सापडलेली कमीत कमी वेळ, आणि कुणाकडून आलो. पुण्याच्या कार्डावर शून्य, बाकीची कोरी. गठ्ठेवाल्याकडे सुरुवातीला एकच चिठ्ठी: ‘पुणे ०’. तो दरवेळी सगळ्यांत लहान आकड्याची चिठ्ठी काढतो. ज्याचं नाव निघेल तो फक्त आपल्या शेजाऱ्यांशी बोलतो: ‘माझ्याकडून आलास तर तुला इतकी मिनिटं लागतील.’ शेजाऱ्याच्या कार्डावर त्याहून मोठा आकडा असेल किंवा कार्ड कोरं असेल, तर तो कार्ड बदलतो आणि नवी चिठ्ठी गठ्ठ्यात टाकतो. एवढंच. पूर्ण नकाशा कुणालाच दिसत नसतो, प्रत्येकाला आपले शेजारी तेवढे माहीत असतात. प्रोग्रामलाही तितकंच दिसतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचा नियम. प्रत्येक चिठ्ठी निघण्याआधी आठही जणांनी आपापल्या वहीत लिहायचं: कुठलं गाव निघेल आणि त्यावर आकडा किती असेल. लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग सगळ्यांनी वह्या एकदम दाखवायच्या. उत्तरं जुळली तर पुढे जायचं. जुळली नाहीत तर ज्याचं उत्तर वेगळं आलंय त्यानं आधी बोलायचं, बहुमतानं नंतर. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच धर्तीवर वर्ग चालवायला सुरुवात केली: आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी चर्चा करायची, मग पुन्हा उत्तर द्यायचं. तुमच्यातल्या दोघा हुशारांना या शांततेचा सुरुवातीला त्रास होईल. तरीही ती पाळा. त्यांनी आधी तोंड उघडलं की बाकीच्या सहा वह्यांत त्यांचंच उत्तर उतरतं.

हा नकाशा डायक्स्ट्रानं चालवला की चिठ्ठ्या या क्रमानं निघतात: पुणे ०, सातारा १२०, फलटण १३०, जुन्नर १४०, कराड १८०, विटा २३०, सांगली २९०. पण नुसत्या क्रमापेक्षा मधल्या तीन जागा मोलाच्या आहेत, तिथे घाई करू नका.

पहिली जागा विट्याची. फलटणची चिठ्ठी निघाली की विट्याच्या कार्डावर २४० लागतात. पुढे कराड निघतं आणि सांगतं, माझ्याकडून आलास तर २३०. विट्यानं कार्ड बदलायचं हे सगळ्यांना कळतं. पण गठ्ठ्यात पडलेल्या ‘विटा २४०’ या जुन्या चिठ्ठीचं काय? इथे गट हमखास दोन तटांत विभागतो. एक तट म्हणतो, ती शोधून फाडा. दुसरा म्हणतो, राहू दे, नवी टाका, जुनी निघाली की बघू. दोन्ही बरोबर आहेत, आणि प्रोग्राम लिहिताना नेमक्या याच दोन वाटा असतात. पायथनच्या हीपक्यूमध्ये (सगळ्यांत लहान आकडा आधी देणाऱ्या तयार गठ्ठ्यात) आत पडलेला आकडा बदलण्याची सोय नाही, त्यामुळे बहुतेक जण दुसरी वाट धरतात: नवी चिठ्ठी टाकायची आणि जुनी निघाली की कार्डाशी ताडून टाकून द्यायची. ‘विटा २४०’ ही चिठ्ठी २३० नंतर आणि २९० च्या आधी खरोखर हातात येते. ती हातात धरून ‘हिचं काय करू?’ असं गठ्ठेवाल्यानं एकदा विचारलं, की कोडमधली ती एक ओळ कुणाला पाठ करावी लागत नाही.

दुसरी जागा सांगलीची. कराड निघाल्याबरोबर सांगलीच्या कार्डावर ३०० येतात. बरेच जण इथेच वही मिटतात: पोहोचलो, उत्तर ३००. मग विटा निघतं आणि सांगली २९० ला येते. मुक्कामाचं गाव पहिल्यांदा दिसलं म्हणून थांबायचं नाही, त्याची चिठ्ठी निघाली की थांबायचं. ही चूक मुलाखतीतल्या कोडमध्येही मी वारंवार बघतो, आणि ती पकडायला अवघड असते, कारण बऱ्याच नकाशांवर तशा कोडचंही उत्तर बरोबरच येतं.

तिसरी जागा फलटणची. त्याची चिठ्ठी १३० वर निघाली की फलटण झालेल्या माणसानं आडमुठेपणानं विचारायचं: माझे १३० आता आणखी कमी होणारच नाहीत कशावरून? अजून कराड निघालं नाही, विटा निघालं नाही, तिकडून एखादा जवळचा रस्ता आला तर? उत्तर गटानं शोधायचं, हुशारांनी गप्प बसायचं. ते असं: गठ्ठ्यात उरलेली प्रत्येक चिठ्ठी १३० किंवा त्याहून मोठी आहे. फलटणला येणारी दुसरी कुठलीही वाट त्यांतल्याच एखाद्या चिठ्ठीतून जाणार, आणि रस्त्यावर वेळ वाढतेच, कमी होत नाही. डायक्स्ट्राची सिद्धता म्हणजे हेच. पुस्तकात ती अर्धं पान घेते. इथे ती एका माणसाच्या शंकेचं उत्तर म्हणून येते, म्हणून लक्षात राहते.

हे सगळं कागद-पेन्सिलीशिवाय सुचलं होतं, हे मुलांना सांगायला मला आवडतं. एड्स्गर डायक्स्ट्रा यांना हा अल्गोरिदम १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेबाहेर बसून वाग्दत्त वधूबरोबर कॉफी घेताना साधारण वीस मिनिटांत सुचला. आरमॅक या नव्या संगणकाची चुणूक सामान्य लोकांना दाखवायची होती, त्यासाठी त्यांनी नेदरलँड्समधली ६४ शहरं असलेला नकाशा घेतला. ६४ अशासाठी की शहराचा क्रमांक सहा बिट्समध्ये मावावा. १९५९ मध्ये तो छापून आला. हाताशी कागद नसला की टाळता येण्याजोगी गुंतागुंत टाळावीच लागते, असं त्यांनी पुढे एका मुलाखतीत म्हटलं होतं. लॅपटॉप बंद ठेवा म्हणतो ते याचसाठी. स्क्रीन समोर असली की चर्चा सिंटॅक्सवर घसरते आणि ‘का’ मागे पडतो.

आता तुम्ही जिथे अडलात तो ए-स्टार. माझ्या अनुभवात लोक इथे अडतात, कारण ते त्याला नवा अल्गोरिदम समजतात. तुमच्याकडे गठ्ठा आहे, कार्डं आहेत, शेजाऱ्यांशी बोलण्याचा नियम आहे. यातलं काहीही बदलत नाही. बदलतो तो फक्त चिठ्ठीवरचा आकडा. बीएफएसमध्ये चिठ्ठ्या ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं काढायच्या. डायक्स्ट्रात चिठ्ठीवर ‘इथवर किती लागले’ हे लिहायचं. ए-स्टारमध्ये ‘इथवर किती लागले, अधिक इथून सांगलीपर्यंत निदान किती लागतील’ याची बेरीज लिहायची. कार्डावरचा आकडा मात्र तोच राहतो, इथवर लागलेल्या वेळेचा. कार्ड आणि चिठ्ठी यांवरचे आकडे इथे पहिल्यांदा वेगळे होतात. गोंधळ तिथेच होतो, म्हणून ते वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी लिहा.

हे ‘निदान किती’ कुठून आणायचं? गावांपासून सांगलीपर्यंतची हवाई अंतरं घ्या. ढोबळमानानं पुणे २०० किलोमीटर, सातारा ११०, फलटण १३०, कराड ६५, विटा ४५, जुन्नर २७०. मिनिटाला एक किलोमीटर धरलं की तीच मिनिटं झाली. आपल्या सरावाच्या नकाशात कुठलाही रस्ता त्याहून वेगानं जात नाही, त्यामुळे हा अंदाज खऱ्या वेळेपेक्षा कधीच जास्त येत नाही. खऱ्या महामार्गांवर गाड्या ताशी ६० च्या वर जातात, तिथे जास्तीत जास्त वेग धरूनच अंदाज काढावा लागतो.

पुन्हा वह्या उघडा, पुन्हा आधी लिहा. सातारा १२० अधिक ११०, म्हणजे २३०. फलटण २६०. जुन्नर १४० अधिक २७०, म्हणजे ४१०. चिठ्ठ्या निघतात त्या अशा: पुणे, सातारा, कराड २४५, फलटण २६०, विटा २७५, सांगली २९०. उत्तर तेच आलं. पण जुन्नरची चिठ्ठी निघालीच नाही. डायक्स्ट्रामध्ये जुन्नर झालेला माणूस कराडच्या आधी उठून शेजाऱ्यांना विचारत होता, आणि सांगली तर नेमकी उलट दिशेला. एवढ्याशा नकाशात एक गाव वाचलं. महाराष्ट्राच्या सगळ्या रस्त्यांच्या नकाशात अशी लाखो वळणं वाचतात. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल या तिघांनी हा अल्गोरिदम १९६८ मध्ये मांडला. तेव्हा स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ‘शेकी’ नावाच्या फिरत्या रोबोटवर काम चाललं होतं आणि त्याला खोल्यांतून वाट काढायला शिकवायचं होतं.

आता इथून पुढचं गटाशिवाय होतच नाही असं मला वाटतं, म्हणून जरा रेंगाळतो. गटाला सांगा: अंदाज बिघडवा. विट्याचा अंदाज ४५ ऐवजी ८० करा. विट्याहून सांगली प्रत्यक्षात ६० मिनिटं, म्हणजे हा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त झाला. चालवण्याआधी प्रत्येकानं लिहायचं: उत्तर २९० च येईल की बिघडेल? मग चालवा. विट्याची चिठ्ठी आता २३० अधिक ८०, म्हणजे ३१० ची. कराडहून आलेली सांगलीची चिठ्ठी ३०० ची. सांगली आधी निघते, आपण थांबतो, उत्तर ३००. चूक. आता तोच अंदाज ६५ करून बघा. हाही खऱ्यापेक्षा पाच मिनिटांनी जास्तच आहे. विटा २९५ वर निघतं, सांगली २९० होते, उत्तर बरोबर. ‘अंदाज जास्त झाला की उत्तर चुकतं’ असं ज्यांनी घोकलेलं असतं ते इथे चमकतात, आणि चर्चा खरी रंगते ती इथेच. जास्त अंदाजामुळे उत्तर चुकेलच असं नाही, बरोबर असण्याची हमी जाते. हमी गेलेला प्रोग्राम एखाद्या दिवशी बरोबर चालला म्हणून त्यावर विसंबता येत नाही. कामाच्या ठिकाणी कधी कधी आम्ही ही हमी जाणूनबुजून सोडतो, कारण उत्तर लवकर हवं असतं. पण सोडतोय हे माहीत असावं लागतं.

दोन टोकंही करून बघा. सगळे अंदाज शून्य करा: पुन्हा डायक्स्ट्रा होतो. उलट, चिठ्ठीवर फक्त अंदाज लिहा आणि लागलेली वेळ सोडून द्या: पुणे, सातारा, कराड, सांगली, चार चिठ्ठ्यांत खेळ संपतो. झटपट झालं, पण उत्तर ३००. बीएफएस चालवलं तर तेही तीन टप्प्यांचा ३०० चाच मार्ग देईल, कारण त्याला टप्पे मोजता येतात, मिनिटं नाही. २९० चा मार्ग सातारा, कराड, विटा असा चार टप्प्यांचा आहे.

इथवरचं थोडक्यात: नकाशा एकच ठेवा, माणसं तीच ठेवा, आणि चिठ्ठीवरचा आकडा बदलत जा. दरवेळी आधी लिहा, मग दाखवा. यात साधारण तीन-चार रविवार जातील. त्यानंतर लॅपटॉप.

कोड ज्यानं त्यानं घरी लिहायचा, एकमेकांचा न बघता. आठ प्रोग्राम हवेत. कुणी पायथनमध्ये लिहील, कुणी सी++ मध्ये, हरकत नाही. सी++ वाल्यांनी एवढं ध्यानात ठेवा की तिथला प्रायॉरिटी क्यू (म्हणजे आपला गठ्ठा) मुळात मोठा आकडा आधी देतो, तो उलटा करून घ्यावा लागतो. पायथनवाल्यांनी दोन चिठ्ठ्यांचे आकडे सारखे आले तर काय होतं ते पाहावं. गावासाठी स्वतःचा क्लास केला असेल तर पायथन त्या दोन गावांची तुलना करायला जातो आणि एरर देतो. चिठ्ठीत आकडा आणि गाव यांच्या मध्ये एक चढता क्रमांक घातला की सुटतं.

रविवारी आठही प्रोग्रामना एकच नकाशा द्यायचा आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. कुणाचा कोड सुबक आहे याची चर्चा टाळा. उत्तर कुठे वेगळं आलं तेवढं बघा. खरं उत्तर कुठलं हे ठरवायला एक साधा, संथ प्रोग्राम लिहून ठेवा, जो सगळ्या शक्य वाटा मोजतो. लहान नकाशाला तो पुरतो: सातही गावं एकमेकांना थेट जोडली, तरी कुठलंही गाव दोनदा न घेता पुण्याहून सांगलीला जायच्या वाटा ३२६ च होतात. मग संगणकाकडून वेडेवाकडे हजारो छोटे नकाशे तयार करून घ्या आणि आठही प्रोग्राम त्यावर सोडा. कामावर आम्ही नवा मार्गशोधक वापरात आणण्याआधी अशीच तपासणी करतो.

तुमच्या त्या दोघा हुशारांना समजावण्याचं काम काढून घ्या आणि नकाशे रचण्याचं द्या. त्यांना सांगा: असा नकाशा आणा, ज्यावर ‘दिसल्याबरोबर थांबणारा’ प्रोग्राम चुकतो, पण बाकीचे बरोबर येतात. असा आणा, ज्यावर बीएफएसचं आणि डायक्स्ट्राचं उत्तर जुळतं. समजावून सांगण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे, त्यामुळे त्यांनाही रविवारी काहीतरी शिकायला मिळतं. समजावण्यासाठी चिठ्ठी टाकून नाव काढा. ज्याला नीट कळलेलं नाही त्याचं नाव निघालं तर उत्तमच. तो जिथे अडखळेल तिथे आणखी तिघं अडलेले असतात, फक्त बोललेले नसतात.

त्यांना पहिला नकाशा मीच सुचवतो. जुन्नरहून फलटणला एक एकेरी रस्ता टाका, उणे ४० चा. मिनिटं उणे होत नाहीत हे खरं. पण आकडे बॅटरीच्या खर्चाचे धरले तर होतात: इलेक्ट्रिक गाडी घाट उतरताना बॅटरी थोडी भरून घेते, म्हणजे त्या रस्त्याचा खर्च उणे. आता जुन्नर १४० वर निघालं की फलटणला १०० चा निरोप जातो, पण फलटण तर १३० वर निघून गेलेलं. मघाशी फलटणनं विचारलेल्या शंकेचं उत्तर इथे कोसळतं, कारण ते ‘वाढतच जातं’ या गृहीतावर उभं होतं. खरं उत्तर २७०: जुन्नर, फलटण, विटा, सांगली. ज्यांनी ‘एकदा निघालेलं गाव पुन्हा बघायचं नाही’ असं लिहिलंय त्यांचं उत्तर २९० येईल. ज्यांनी ‘चिठ्ठीवरचा आकडा कार्डाशी जुळला तर चालवायचं’ असं लिहिलंय त्यांचं २७० येईल. दोन्ही प्रोग्राम आजवर प्रत्येक नकाशावर सारखंच वागत होते, फरक इथे उघडा पडतो. २७० वाल्यांनी मात्र लगेच निर्धास्त होऊ नये: उणे रस्ते वाढले की तोच प्रोग्राम काही नकाशांवर भलताच वेळ खातो, आणि उणे बेरजेचं चक्र सापडलं तर त्यात कायमचा अडकू शकतो. उणे रस्ते चालवून घेणारा बेलमन–फोर्ड हा अल्गोरिदम शिकायची वेळ ही. आधी शिकवला तर तो का हवा हे कुणालाच कळत नाही.

ए-स्टारपर्यंत सगळे बरोबर चला, त्यापुढे वाटा वेगळ्या होऊ द्या. मुलाखतीवाल्यांनी चौकोनांच्या जाळ्यावरचं बीएफएस आणि डायक्स्ट्रा हे दोन इतके घासावेत की न अडखळता लिहिता यावेत, आणि लिहिताना बोलताही यावं. ते बोलणं तुम्ही गटात आधीच केलेलं असेल. गेमवालीनं जाळ्यावरच्या अंदाजाकडे नीट बघावं. फक्त चार दिशांना चालता येत असेल तर आडवं अधिक उभं अंतर चालतं. तिरकं चालायला परवानगी दिली आणि तिरक्या पावलाचा खर्च १.४१ धरला, तर तोच अंदाज जास्त होतो, कारण एका तिरक्या पावलाला तो २ मोजतो. पात्र विचित्र वळसे घेऊन चालायला लागतं ते बऱ्याचदा यामुळे.

आणि ज्यांना विषयच आवडतो त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांसाठी खुल्या नकाशावरून आपल्या तालुक्याचे रस्ते उतरवून घ्यावेत. तिथे पहिल्याच दिवशी कळेल की रस्ता दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एकेरी रस्ते, दुभाजक, वळायला बंदी असलेले चौक. वळणबंदी तर गावाच्या कार्डावर मावतच नाही, कारण चौकात कुठल्या रस्त्यानं आलात यावर पुढे कुठे जाता येईल ते ठरतं. मग कार्ड चौकाला न देता चौकात येणाऱ्या प्रत्येक रस्त्याला द्यावं लागतं. त्यासाठी आठ जण पुरणार नाहीत, पण एका चौकाचं काम चार रस्ते आणि चार माणसांत कागदावर करून बघता येतं. तेवढं केलं की पुढचं कोडमध्ये उतरवणं जड जात नाही.